रिकाम्या गाडीचं वजन

शनिवारी रात्रपाळीला मी उपदेश लिहितो
काट्याच्या पावत्यांच्या पाठीवर.
पुढून तूर, दोनशे नव्वद पोती,
मागून हरवलेलं मेंढरू
आणि त्याच्यामागं गेलेला तो.

दोन वाजता गाड्या लागतात,
अकोल्याच्या, बुऱ्हाणपूरकडच्या.
ड्रायव्हर काचेवर टिचकी मारतो, "फादर, चढवू का?"
मी फादर नाही, पाळक आहे,
हे सांगणं नऊ वर्षांपूर्वी सोडलं.
चढव, म्हणतो. इंजिन बंद कर, खाली उतर,
क्लीनरलाही उठव.
झोपलेल्या माणसाचं वजन तुरीत धरलं जातं.

शेठ पाहुण्यांना सांगतात,
"आमच्या काट्यावर पास्टर बसवलाय."
व्यापारी पावती न वाचताच घडी घालतात.
माझ्या खरेपणाचे महिना चौदा हजार मिळतात,
ते डाळमिलकडून.
मंडळी देते अठराशे.
करुणा वळवी डब्यात साठवून आणते,
चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या,
आणि दर वेळी माफी मागते.

जळगाव संपतं म्हणता म्हणता जिथं संपत नाही,
रिक्षावाला दहा रुपये जास्त मागतो,
तिथं आमचं चर्च, शटरचा एक गाळा.
डावीकडे पंक्चर काढणारा,
उजवीकडे दिगंबर चौधरींची पिठाची गिरणी.
रविवारी साडेदहापर्यंत ते पट्टा चढवत नाहीत.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.
एकदाच म्हणाले, "होऊ द्या तुमचं,
लोकं दळण ठेवून जातील ना भो."
गीतपुस्तकांवर ज्वारीचं पीठ बसतं.
मी ते झटकत नाही.

फेब्रुवारीत याकोबबाबा गेले, करुणाबाईंचे यजमान.
फोन आला तेव्हा दोन चाळीस झाले होते,
काट्यावर गाडी, मागं अकरा,
बदलीचा माणूस एरंडोलला लग्नाला.
सुवार्ता स्कूटीवर सिव्हिलला गेली,
तिनं फोन त्यांच्या कानाला लावला.
मी प्रार्थना म्हणत होतो,
बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.
आमेन त्यांना ऐकू गेलं की हॉर्न,
ते सुवार्तानं सांगितलं नाही.
एवढंच म्हणाली, बाबा विचारत होते,
पाळक जेवले का?

परवाच्या रविवारी उपदेशाला उभा राहिलो.
डोळ्यांत झोप, शर्टात भुसा,
चुकीच्या बाजूनं पावती धरली
आणि चांगल्या घुमवलेल्या आवाजात वाचलं,
"भरलं वजन बावीस हजार चारशे साठ.
रिकामं सात हजार नऊशे दहा."
सतरा माणसं गप्प.
मग पंक्चरवाल्याचा पोरगा फिस्सकन हसला,
शटर हललं इतके सगळे हसले,
मीही.
हसणं ओसरल्यावर मागून करुणाबाई म्हणाल्या,
"आणि निव्वळ?"

मी पाहिलं त्यांच्याकडे.
त्या चेष्टा करत नव्हत्या.
चौदा हजार पाचशे पन्नास, मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला,
आणि मेंढराचं ऐकायला बसल्या.
मेंढरू मी पाठच सांगितलं,
पावती उलटवायचं राहून गेलं.

दुपारी त्यांच्याकडेच जेवलो, कळण्याची भाकरी, ठेचा.
खाटेवर बसल्या बसल्या झोप लागली.
कुणीतरी चष्मा काढून ठेवला होता.

रात्री दहाला पुन्हा काटा.
पहिल्या गाडीआधी लाल आकडे शून्यावर आणतो.
मिलचं मांजर रोज त्या लोखंडावर येऊन बसतं,
शून्य हलत नाही.
वीस किलोच्या खाली हा काटा काहीच मोजत नाही,
मांजर नाही, भाकरी नाही,
चिल्लरचा डबा नाही.
मी त्याला हुसकावत नाही.
गाडी आली की त्याचं तेच उठतं.