उपयोगिता प्रमाणपत्र

अधिछात्रवृत्ती.
शब्दच एवढा लांब
की मंजुरीपासून खात्यापर्यंत येताना
पैसा मध्येच कुठेतरी टेकत असावा,
बेलापूरच्या एखाद्या कचेरीच्या पायरीवर,
चहा मागवून.

आठ महिने झाले.
लेखा विभागातले घरत काका चष्मा कपाळावर ढकलतात:
"आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलेलं नाही,
त्याशिवाय पुढचा सुटत नाही."
आधीचा हप्ताच आलेला नाही, काका.
"तेच ना. म्हणून प्रमाणपत्र गेलेलं नाही."
आणि मनापासून हळहळत
डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवतात,
वर सुकटीची चटणी.

विभागाच्या फळ्यावर तिरोडकर मॅडमनी
सगळे पर्याय लिहिले होते, मोठ्या आशेनं.
केंद्राची, राज्याची, कुठल्याशा तेल कंपनीची,
एका ट्रस्टची, जिला अर्जदार
अठ्ठाविसाच्या आतला आणि खानदेशातलाच लागतो.
खाली दोनदा अधोरेखित: पुसू नये.
कुणी पुसलं नाही.
तारखाच एकेक करून उलटल्या.

मी सकाळी कोपरखैरण्याला तासिका तत्त्वावर शिकवते.
तास झाला तर पैसे.
गणपतीत मुलं खूश, मी बोटं मोजत.
रेवती वाशीच्या एमबीएवाल्यांचे समास सरळ करून देते,
पानाला आठ रुपये, तक्ता असेल तर दहा.
इरफान सुर्वे पाचव्या वर्षी महाप्याच्या औषध कंपनीत लागला.
त्याच्या बरण्या अजून फडताळात आहेत,
लेबलावर तारीख, जागा, भरतीची वेळ
आणि "हात लावू नये, मी येतोय".

अर्जात एक रकाना होता:
स्थावर मालमत्ता, असल्यास तपशील.
बाबा म्हणाले, लिही की,
तुमच्या विभागाच्या पार्किंगखालचं खाजण.
मग स्वतःच हसले,
आणि बराच वेळ टीव्हीचा आवाज वाढवत राहिले.

ओहोटीला मी ऐरोलीच्या खाडीत असते,
गुडघ्यापर्यंत चिखल, हातात मोजणीचा चौकोन.
निवटा.
आमच्या घरी त्याचं कालवण होतं,
माझ्या प्रबंधात त्याला लॅटिन नाव आहे.
मासा असून तो पाण्याबाहेर राहतो,
गालात घोटभर खाडी धरून,
परांवर सरकत, डोळे वर,
पाणी येईल तेव्हा येईल.
प्रकरण तिसरं: तो किती वेळ तग धरतो.
निष्कर्ष अजून लिहायचे आहेत.

काल शेवटी बसले आणि प्रमाणपत्र भरलं.
"प्रमाणित करण्यात येते की
प्राप्त रक्कम रुपये शून्य फक्त
ज्या कारणासाठी मंजूर झाली होती
त्याच कारणासाठी वापरण्यात आली आहे."
काकांनी दोनदा वाचलं.
चूक सापडेना.
शिक्क्यावर फुंकर घातली, उमटवला,
आवक क्रमांक घातला,
आणि फाईल बांधता बांधता हळूच विचारलं,
"शुक्रवारी मोठी ओहोटी आहे ना गं?
मोजून झालेले निवटे
तू काय, परत सोडून देतेस?"

देते, काका.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच
त्यांचा चेहरा
माझ्यासाठी इतका पडलेला पाहिला.