जंतर

टेबलावर दोन डाय.
एक पोलादी, सुभेदार इंगवल्यांच्या काळापासूनचा,
शिलाई मशीनच्या तेलाचा वास मारणारा.
दुसरा नमुन्याला आलाय,
शनिवारपर्यंत ठेवा नाहीतर परत करा.
त्याच्या तोंडाशी कार्बाइडची कडी,
जोडव्यासारखी, काळपट.
किंमत वाचली आणि कागद पालथा घातला.

बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरची पुंगळी सरळ.
रायफलीच्या पुंगळीसारखा खांदा नाही, गळा नाही,
म्हणूनच तिला नुसती कडी पुरते.
उडाली की फुगते,
डोळ्याला दिसत नाही,
चेंबरला कळतं.
मग तिला पुन्हा मापात आणायची.
क्लबच्या स्टोअरात बावीस वर्षं
मी हेच करतोय.
रजिस्टरात आज दोनशे चौदा पुंगळ्या,
एक कमी भरली तर जेवण जात नाही.

पोलादी डायला प्रत्येकीला तेल लागतं.
अंगठ्यानं चोळायचं, दाबायची, पुसायची.
एकदा एकीला तेल लावायचं राहिलं
आणि ती आत रुतून बसली.
उद्यमनगरात शौकत मिस्त्रीनं टॅप मारून उपसली,
पैसे घेईना.
म्हणाला, ओळखीच्याचा दात काढला
तर पैसे घेतात काय, गा?

कार्बाइडला तेल नको.
दांडा खाली, दांडा वर,
चहा निवायच्या आत पन्नास.
पण कडी सगळ्यांना एकाच मापाला आणते,
बूड तिच्यात शिरत नाही, ते जाड राहतं,
आणि वर गोळी बसली की
जिथं कंबर नव्हती तिथं कंबर दिसते.
पितळ उगीच जास्त दाबलं जातं.
दाबून दाबून ते कडक होतं,
कडक झालं की तोंडाशी फाटतं.

हुपरीत दादा चांदीची तार जंतरातून ओढायचे.
चिमट्यात टोक, पाय फळीला रेटलेला,
पाठीवर घामाची रेघ.
मोठ्या भोकातून बारीक, त्यातून आणखी बारीक,
मधे तार तापवून नरम करायची.
मी एकदा घाईत एक भोक गाळलं.
तार तुटून माझ्या गालावर बसली.
दादा ओरडले नाहीत.
एक दिस उपाशी राहू, म्हणाले,
भोक गाळू नगंस.

म्हणून आठवडाभर दोन्ही डाय वापरले.
पद्मजा मगदूम गडहिंग्लजहून एसटीनं येते,
तिच्या पुंगळ्या मी वेगळ्या डब्यात ठेवतो,
घराप्रमाणे, एक ते सहा.
दोन्ही डायमधून काढायच्या आधी
व्हर्नियर लावला.
पाचव्या घरातल्या सगळ्या
बाकीच्यांपेक्षा केसभर जाड.
रविवारी तिला विचारलं,
पाचवी गोळी कुठं जाते?
ती कानावरचा मफ काढून बघतच राहिली.
डावीकडं, आठात.
तुम्हाला कुणी सांगितलं?

शनिवार तर कालच उलटून गेला होता.
फोन केला, डाय ठेवतोय म्हणालो, कार्बाइडचा.
अंगठ्याची सांधेदुखी सांगितली नाही,
वेळ वाचतो एवढंच सांगितलं.

संध्याकाळी दोनशे चौदा झाल्या
आणि बघतो तर हातात चिंधी.
तेलाचा थेंब नाही,
तरी एकेक पुंगळी पुसत होतो,
फिरवत होतो,
तोंडावरून नख नेत होतो.

मग मूठभर घेतल्या, कानाशी नेऊन खुळखुळवल्या.
खणखणीत, खणखणीत,
आणि त्यात एक बद्द.
दादा रुपया असाच दगडावर टाकून ऐकायचे.
एकेक करून शोधली.
तोंडापासून खाली केसाएवढी चीर,
दोन्ही डायना न दिसलेली.

पद्मजा बॅग भरत होती.
तिच्या तळहातावर ठेवली.
पाचव्या घरातली काय?
मी म्हटलं, आता डबे मिसळले, कसं सांगू.
तिनं बॅग खाली ठेवली
आणि व्हर्नियर मागितला.