जातीचा रकाना

चुंबळ गेली त्याला सव्वा महिना झाला.
काचेची पेटी अजून पुसलेली नाही.
नारळाच्या भुशात तिच्या अंगाने पाडलेला खळगा
आहे तसाच, भाकरीएवढा.

नाव वृंदाने ठेवलं होतं.
दिवसभर वेटोळं करून बसायची, मधे डोकं खुपसून,
हंडा उतरवल्यावर बाईने
कोपऱ्यात टाकलेली चुंबळ जशी.
बॉल पायथन म्हणायला वृंदाची जीभ वळायची नाही.

बालेवाडीच्या एका साहेबांचा फ्रिज दुरुस्त केला होता मी.
कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी.
साहेब कॅनडाला निघालेले. बिलाचं बघतानाच म्हणाले,
हिला न्याल का?
नेलं. नऊ वर्षं.
आमच्या फ्रीझरमध्ये तिचे उंदीर,
डब्यावर वृंदाचं अक्षर: हे वाटाणे नव्हेत.

परवा मुंढव्याला नौशादकडे गेलो.
पत्र्याची शेड, तीसेक खोकी, प्रत्येकाला थर्मामीटर.
चहा सांगून त्याने विचारलं,
मग, या वेळी कोणती जात?

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न
मला दुसऱ्या कोणाबद्दल विचारला गेला.
मी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

हा कॉर्न स्नेक. शेंदराच्या डबीतून काढल्यासारखा.
झाकणाला करंगळीएवढी फट राहिली की पसार.
हा हॉगनोज. नाक वर उचललेलं, कायम त्रासलेला.
घाबरला की उताणा पडतो, तोंड वासतो.
सरळ करावा तर पुन्हा उताणा,
मेलोय म्हटलं ना.
हा किंग स्नेक, दुसरे साप खातो.
भावकी, मी म्हणालो.
नौशाद हसला नाही. त्याची उरुळीच्या जमिनीची
तारीख आहे पुढच्या आठवड्यात.

धामण, दिवड, तस्कर, गवत्या, नानेटी, हरणटोळ:
ज्यांची नावं तोंडपाठ आहेत
ते पाळणं गुन्हा, आणि असावाच.
जे पाळता येतात
त्यांना आपल्याकडे नाव नाही.

गेल्या आश्विनात आमच्या मीटरच्या पेटीत कवड्या निघाला.
अख्खी सोसायटी काठ्या घेऊन खाली.
मी उचलला. चावला. रक्ताचे चार ठिपके.
तळजाईच्या वरच्या अंगाला नेऊन सोडला,
तो गेला. एवढंच.

लग्नानंतर धनकवडीत खोली बघायला गेलो होतो.
मालकीणबाईंनी आडनाव विचारलं.
सांगितलं.
नाही, म्हणजे मूळचे कुठले?
तेही सांगितलं.
मग त्यांना आठवलं, खोली पुतण्याला द्यायची आहे.
‘भाड्याने देणे’ची पाटी पुढचे दोन महिने तिथेच होती,
जाता-येता दिसायची.

चुंबळ घरी आली तेव्हा
शेजारच्या ढमढेरे काकूंनी दारातून एवढंच विचारलं:
विषारी नाही ना?
नाही.
मग राहू दे.

कार्तिकापासून खाल्लं नव्हतं तिने.
थंडीत खात नाहीत त्या, मी सगळ्यांना सांगायचो,
वृंदाला, काकूंना, फोनवर नौशादला.
शेवटी मला एकट्यालाच सांगत होतो.
हातात घेतली तेव्हा पाठीचा कणा
बोटाला लागला, पाटीच्या कडेसारखा.

वृंदा म्हणते, कुठलाही आण,
फक्त उपाशी असला तर कळू दे.
असा साप कुठे मिळतो
हे नौशादलाही माहीत नाही.

रात्रीचे साडेदहा. सरकारी फॉर्म मोबाईलवर उघडलाय.
मालकाचं नाव. पत्ता. नर की मादी.
जात.
आत कॉम्प्रेसर सुरू होतो, आवाजावरून मला कळतं,
अजून पाच वर्षं बघायला नको.
मी ‘हॉ’ टाइप करतो, खोडतो.
वृंदा पेटीपुढे बसलीय, जुना भुसा काढतेय
पळी-पळीने, कडेकडेचा,
खळगा सोडून.