अडीच थाऊ

टेम्पोतून उतरवलेला तो ब्लॉक
रबाळ्यात माझ्या शेडमध्ये चेनपुलीला लटकून
स्वतःभोवती सावकाश फिरत होता,
कापून टांगलेल्या रेड्यासारखा.
आठ भोकं. साडेसात लिटर.
तळोज्याच्या यार्डात फोडलेल्या कुठल्याशा बोटीतला.

"ताय, लागल का कामाला?" हरेश्वर घरत विचारतो.
मी वॉटर जॅकेटमध्ये तार घातली. मीठ गळलं.
चिमूटभर जिभेला लावलं.
ठाण्याच्या खाडीचं नव्हतं ते, लांबचं होतं.

आणि हे बसणार कशात,
तर त्याच्या बापाच्या फार्गोत.
बामाशेटने जन्मभर पावण्याच्या खाणीतला दगड वाहिला त्यात.
फाळक्यावर आई एकवीरा प्रसन्न, 'प्रसन्न'मधला न गंजाने खाल्लेला.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट भावाला गेला, त्यावर आता सात मजले.
याच्या वाट्याला ट्रक.
तो याला चारशे मीटर पळवायचाय,
कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांशेजारी.

"रिकामा तीन टन आहे," मी म्हटलं. "फाळका काढ. मागची चेसी काप."
"माजे बापाची गारी हाय. हलकी नाय करवाची."

बरं. मग ऐक.
घोडे कागदावर मोजतात, तीन टन उठवतो तो टॉर्क.
कॅम तापट नको,
स्ट्रोक लांब हवा, घास मोठा हवा,
आणि साडेपाच हजारांच्या वर नेलंस
तर पैसे परत मागायला येऊ नकोस.

भिंतींची जाडी तपासली. सातवी पातळ, मिठाने चाटलेली.
तिला स्लीव्ह. बाकीच्यांना साठ थाऊ.
सासऱ्यांची बटाल्याची मशीन तीन दिवस गुणगुणत राहिली,
चिप्स पायाखाली काळ्या साखरेसारख्या.
जुना कॅम बाहेर काढला तेव्हा कळलं,
हे उलटं फिरणारं इंजिन.
बोटीत अशी दोन बसवतात,
एक डावं, एक उजवं, म्हणजे बोट नाकासमोर जाते.
हरेश्वर बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "दुसरा कुठं असल आता?"
मी नवीन कॅमची किंमत सांगितली.

बेअरिंग आणि क्रँक यांच्यात अडीच थाऊ.
केसापेक्षाही कमी. तेवढ्यात तेल राहतं,
तेलावर क्रँक, क्रँकवर सगळा गोंधळ.
दोन थाऊ ठेवले तर घट्ट, तीन ठेवले तर सैल.
लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही, एवढंच काम असतं माझं.

सुरू केलं ते रात्री.
शेजारच्या औषध कंपनीचा वॉचमन धावत आला,
पत्र्यावरची कबुतरं घणसोलीच्या दिशेला गेली,
आणि रॅकवरचा मायक्रोमीटर
हळूहळू सरकत कडेपर्यंत आला. मी पकडला.
ऑइल प्रेशर साठ. हरेश्वर हसत नव्हता. फाळक्याला हात लावून उभा होता.

द्रोणागिरीत रुंद रस्ते आहेत,
प्लॉट पाडलेत, इमारती नाहीत.
रविवारी परवानगी काढून त्यातला एक बंद केला होता.
मी डब्यात भाकरी आणि बोंबलाची चटणी नेली.
हिरवा दिवा लागला.
फार्गोचं नाक वर आलं, खरंच वर आलं,
खडी वाहणारं ते नाक,
आणि साठेक मीटरवर मागे टण्ण झालं.
इंजिन मोकळं सुटून ओरडायला लागलं. त्याने लगेच बंद केलं.
ट्रक तसाच घरंगळत
दोनशेच्या खुणेपर्यंत गेला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी तो तुटका एक्सल गोणपाटात घेऊन आला.
ग्रीस पुसलं, ट्यूबलाइटखाली धरला.
तुटलेल्या तोंडाचा पाऊण भाग काळा.
ती जुनी चीर. पावण्याच्या चढावर कधीतरी, दगड भरलेला असताना.
उरलेला पाव चकचकीत, दाणेदार,
कालचा.
"म्हंजे बापानंच तोरला," तो म्हणाला.
"पाऊण," मी म्हटलं.

आणि कॅलिपर शोधायला लागले. तो कायम
चहाच्या कपाखाली असतो.