अजून काही वाजलं नाही

लाइट आली.
घरातल्या सगळ्या यंत्रांनी एकदम डोळे उघडले
आणि एकमुखाने खोटं बोलायला लागली:
बारा. बारा. बारा.
मायक्रोवेव्ह हिरव्या आकड्यांत,
उशाजवळचं घड्याळ लाल,
भात शिजवायचा डबा निळा.
वॉशिंग मशीनला तर आपण धूत होतो की पिळत होतो
तेही आठवेना.

बाहेर सकाळचे पावणेआठ.
अंबादास चष्मा लावून पुस्तिका उघडतो.
अकरा भाषा आहेत तिच्यात.
चिनी आहे, अरबी आहे,
आमची घरातली तेलुगू नाही, दारातली मराठी नाही.
"हे दाबून धर तीन सेकंद."
धरलं.
आकडे पळायला लागले, चाळीस, त्रेचाळीस,
पंचेचाळीसला बोट उचललं तर सत्तेचाळीस.
मागे न्यायचं बटणच नाही.
परत चोवीस तास फिरवून आणा त्याला,
गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखं.
आणि मी तरी त्यात काय करते? पापड भाजते.

माझा बाप गिरणीत होता.
भोंगा झाला की उठायचा, भोंगा झाला की जेवायचा.
तो भोंगा कोण लावतं,
आमच्या घरात कुणी विचारलं नाही.
निदान बटण आमच्याकडे नव्हतं.

परवा लेस्टरहून स्रवंतीचा फोन.
"आत्या, आज आमच्याकडे तास मागे गेला.
ओव्हन, गाडी, बॉयलर, सगळी घड्याळं लावत बसलेय, वैताग नुसता."
"कुणी नेला मागे?"
"सरकारनं."
"आधी सांगतात?"
"हो की. तारीख ठरलेली असते."
मी गप्प बसले.
तारीख ठरलेली असते म्हणे.
आमच्या डीपीवर खारूताई चढते
ती काय कॅलेंडर बघून चढते?

मंगळवारी रात्री नळाला पाणी येणार होतं,
पाच दिवसांनी, तीन वाजता.
तीनचा गजर लावून झोपले.
मध्येच कधीतरी लाइट गेली,
पावणेदोनला आली म्हणे,
आणि त्या लाल बयेनं पुन्हा बारापासून मोजायला सुरुवात केली.
वाजली बरोबर. तिच्या तीनला.
जगाचे तेव्हा पावणेपाच झाले होते.
मी घागर घेऊन धावले,
नळ म्हणाला, सूं.
बॅरलच्या तळाला चार तांबे पाणी, त्यात एक मुंगळा.
अंबादास म्हणाला, "घड्याळाची चूक नाही बघ,
ते त्याच्या हिशोबानं बरोबरच होतं."
त्या दिवशी मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

शेजारच्या गज्जमकाकूंची टाकी मात्र काठोकाठ.
त्यांच्याकडे घड्याळ नाही,
म्हणजे आहे, भिंतीवर, सेल संपलेलं,
नवऱ्यानं कुठल्यातरी पतसंस्थेतून आणलेलं.
"काकू, तुम्हाला जाग कशी आली?"
हसल्या. विड्या वळून पिवळ्या पडलेल्या बोटानं
नळ दाखवला.
रात्री तोटी उघडी ठेवायची,
खाली स्टीलची ताटली उपडी.
पाणी आलं की ताटली वाजते.
मी ऐकली होती ती, झोपेत.
मांजर म्हणून कूस बदलली होती.

आज रविवार. उद्या पहाटे पाणी,
चार म्हणतात, साडेतीनही म्हणतात.
अंबादासच्या कारखान्यातला दागी टॉवेल
मी मायक्रोवेव्हवर टाकलाय,
तरी विणीतून हिरवं लुकलुकतंच आहे.
लुकलुकू दे.
लाल घड्याळाचं तोंड भिंतीकडे.
तोटी उघडी,
खाली माझ्या रुखवतातली ताटली,
काठावर माझं नाव कोरलेलं, उपडी.

अंधारात अंबादास विचारतो,
"किती वाजले गं?"
मी कान देते.
"अजून काही वाजलं नाही," म्हणते, "झोप."