साडेएकोणसाठ

डलुथचं सरोवर गोठलंय.
व्हर्लिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर
दोन कागद ठेवतो, मधे मिठाची बाटली.

एक खातं निवृत्तीचं : कर नंतर,
पण साडेएकोणसाठच्या आत हात लावला तर दंड.
दुसरं उघडं : दरसाल सरकारचा घास,
बाकी हवं तेव्हा काढा.

“कुलूपच बरं,” आर्डिस म्हणते,
“तुझा हात सैल. मागच्या उन्हाळ्यात ती बोट.”

तो बोटीबद्दल बोलत नाही.
वडील धक्क्यावर क्रेन चालवायचे.
अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले,
डब्यात अर्धं सँडविच तसंच.

ती चष्मा काढते, पुसते.
मग उघड्या खात्यापुढे
एक छोटा आकडा लिहिते,
खोडते,
जरा मोठा लिहिते.