बंद खडकाची वही

माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.
पहिल्या पानावर तीन चंद्रांची बंदी:
अंदावाबेचा खडक, या काठीपासून त्या काठीपर्यंत,
भाला घेऊन कुणी उतरायचं नाही.
खाली अंगठे, निळे. एकाला मीठ लागून फुटलेला.

तोलियाराहून रावेलुसोनसाहेब आले
ते खुर्च्या घेऊन. खुर्च्या वाळूत रुतल्या.
पहिल्या वर्षी ते रुतलेल्या खुर्चीतूनच बोलले.
यंदा आमच्या चटईवर बसले, आणि विचारलं,
"अंड्यांसाठी मादी कुठल्या भोकात शिरते?"
बायका हसल्या. मग सांगितलं.
सगळं नाही सांगितलं.

बंदीतली उधाणं कठीण.
पौर्णिमेला समुद्र मागं मागं सरतो,
वाढलेल्या ताटासारखा खडक समोर
आणि हात बांधलेले.
घरात कसावा, नुसता कसावा.
पुरुष मादागास्करच्या पार उत्तर टोकाला, शार्कमागं;
पैसे येतील तेव्हा येतील.

झाफीसोआ उतरली दुसऱ्या महिन्यात,
रात्रीच्या ओहोटीला, दिव्याशिवाय.
तिला दिवा कशाला?
भोकाच्या तोंडाशी टाकलेले शिंपले
साठ वर्षं तिच्या तळव्यांना कळतात.
पकडलं तिच्याच नातवानं.
त्या आठवड्यात पहारा त्याचा होता.

चिंचेखाली बैठक. दंड एक बकरी.
ती म्हणाली, "खडक मला माझ्या आजीनं दाखवला.
तुमची काठी कुणी दाखवली?"
कुणी बोललं नाही.
मग पोरगा, खाली बघत:
"मी रोवली, आजी. होडी तू धरली होतीस."

मी लिहिलं. तारीख, नाव,
ऑक्टोपस एक, अंदाजे दीड किलो.
पेन तिथंच थांबलं.
दीड किलो एकटी बाई खात नाही.
त्या रात्री माझ्या दारात एक झाकलेलं भांडं होतं.
सून बाळंतीण, दूध उतरत नव्हतं.
मी झाकण काढलं, वास ओळखला,
आणि चूल पेटवली.

म्हणून खालच्या ओळीत माझं नाव.
अक्षर तेच. बकरी अर्धी अर्धी.

बंदी उठली त्या पहाटे
उलांडीच्या होड्या, बायका, पोरं, कुत्री,
व्यापाऱ्याचा तराजू, सगळं गाव पाण्याच्या काठाला.
साहेब वही चाळत होते.
"ही दुसरी कोण? लिहिणारीनं स्वतःलाच लिहिलंय?"
मी म्हटलं, साहेब, पाणी उतरतंय,
उशीर केला तर खडक थांबणार नाही.

झाफीसोआ माझ्या पुढं, घोट्याभर पाण्यात.
एका भोकापाशी थांबली. भाला उचलला,
वाकली, बराच वेळ बघितलं,
आणि भाला खांद्यावर टाकून पुढं गेली.
रिकामं? मी विचारलं.

"नाही. मादी आहे.
दाराशी दगड ओढून बसलीय.
हे वहीत लिहू नकोस."